तापली की वाकते

"तापली की वाकते, वाकली की बोलते." मॅडम असं म्हणत मेणबत्तीवर तापवलेल्या पत्तीला बोट लावायच्या आणि मग बोट फुंकत बसायच्या. दरवेळी भाजायचं. दरवेळी लावायच्या.

चिखलीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, माहेर जानेफळ. आळीभर ट्यूबलाइटचे उडालेले स्टार्टर मागत फिरायच्या.

"बाबा, फेकू नका. मले द्या."

"लोणचं घालता काय?"

स्टार्टर तुम्हीही फेकले असतील. त्याच्या आत बारीक पत्ती असते. मेणबत्ती धरली की वाकते, शेजारच्या तारेला टेकते आणि सेलवरची घंटी वाजते. प्रदर्शनासाठी पोरींकडून त्यांनी तेच करून घेतलं.

ती घंटी ऐकली आणि माझं डोकं फिरलं. माझी बायको जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायची. ढीग आतून तापला, हात घातला की कळते, असं तिनं शेठला दोनदा सांगितलं. शेठ म्हणाला, "बुढीले कामाचा कंटाळा आला." दुपारी ढीग पेटला. ती मागच्या अंगाला होती. मागच्या दाराला कुलूप होतं.

हाच शेठ शाळेच्या कमिटीवर. प्रदर्शनाला पाहुणाही तोच.

"भर सभेत जोड्यानं हाणतो त्याले," मी मॅडमला म्हटलं.

"मंग पोलीस तुम्हाले नेतीन अन् तो हासत घरी जाईन. बाबा, तुम्ही नुसते तापता. जरा वाका."

वाकलो. टेबलापाशी शेठला कमरेतून नमस्कार घातला. "शेठ, बत्ती तुमच्याच हातानं लावा." गडी फुगला. लावली. घंटी वाजली.

"कापसाच्या ढिगात ठेवाची घंटी आहे, सर," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या.

"माह्या बायकोनं तोंडानं सांगतलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही तिले कामचोर ठरवलं."

शेठनं घाईघाईनं मेणबत्ती फुंकली. तरी घंटी चालूच.

"बंद करा ते!"

"पत्ती निवाले टाइम लागते, सर."

महिन्याभरात मॅडमला शाळेतून काढलं. कमिटीपुढं माफी माग म्हणे. नाही मागितली. मलकापूरला गेल्या. जाताना घंटी माझ्या हातात दिली. "सेल बदलत जा, बाबा." शेजारच्या दाराला आता कुलूप आहे. स्टार्टर मागायला कोणी येत नाही.

शेठची गाडी रोज सकाळी माझ्या दारावरून जायची. मी आधीच मेणबत्ती लावून, घंटी वाजवत बसायचो. पहिले त्यानं गाडीच्या काचा वर केल्या. परवा रस्ताच बदलला.

मी नवे सेल टाकले आणि जिनिंगच्या फाटकासमोर जाऊन बसलो.