बिग ब्लॉक मी आणलं नाही

गावाच्या मंडळाने मला मुंबईला पाठवलं होतं बोटीसाठी मोठं इंजिन आणायला. मी लहान घेऊन आले. गावात अजून कोणी म्हणतं माझी चूक झाली, कोणी म्हणतं गोदामवाल्याने मला फसवलं. दोन्ही खरं नाही. मी दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी पाहिली, दोन्ही हाताने फिरवून पाहिली, आणि जे आणायला सांगितलं होतं ते तिथेच ठेवून दुसरं टेम्पोत चढवलं.

आमचं गाव महाड-पोलादपूर रस्त्यापासून आत, सावित्रीच्या काठाला. मी महाडला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकले, वर्गात एकटी मुलगी. मग मुंबईत गोदीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं बोटींची इंजिनं खोलली आणि पुन्हा जोडली. ते वर्कशॉप बंद झालं तेव्हा भावाच्या घरी परत आले. सुरुवातीला बाईमाणूस इंजिन उघडतंय हे बघायला लोक यायचे. आता शेतातला पंप बंद पडला की येतात.

मोठा पूर आला त्या दिवशी आमची खालची वाडी नदी आणि ओढा यांच्यामध्ये अडकली. आई आणि वहिनी सकाळपासून कौलांवर बसून होत्या. बचावाची बोट आली, पण तिच्या पंख्यात आधी कुंपणाची तार गुंतली, मग वाहून आलेलं लुगडं. बोटीवरची माणसं छातीभर पाण्यात उतरून, तोंडात सुरी धरून पंखा सोडवत होती. बोट हाकेच्या अंतरावर आणि आई कौलांवर. दुपार टळली तेव्हा कुठे त्या दोघी खाली उतरल्या. आई नंतर कितीतरी दिवस छपराकडे बघायची नाही.

म्हणून गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने आपली स्वतःची बोट करायची ठरवलं, आणि मी सुचवलं की जेट बोट करा. तिला खाली पंखा नसतो. तळाच्या तोंडातून ती पाणी आत ओढते आणि मागून जोराने फेकते, त्या जोरावर पुढे जाते. कपडा, गवत तिथेही अडकतं, पण वरचं झाकण उघडून बोटीत बसल्या बसल्या आत हात घालून काढता येतं. किनाऱ्यावर एक जलक्रीडा केंद्र बंद पडलं होतं. तिथली जुनी फायबरची जेट बोट आम्हाला मिळाली. तळ शाबूत, पंप शाबूत, इंजिन मात्र गंजून गेलेलं.

मुंबईत एक गोदामवाले होते, मूळचे पोलादपूरकडचे. त्यांच्याकडे परदेशी बोटींतून काढलेली दोन पेट्रोल इंजिनं पडून होती. त्यांनी निरोप दिला, गावासाठी दोनपैकी एक न्या. दोन्ही आठ सिलिंडरची. एक स्मॉल ब्लॉक, एक बिग ब्लॉक. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा. बिग ब्लॉकचा सांगाडा मोठा, ताकद जास्त, आणि वजन दीड माणसाइतकं जास्त.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष मुंबईहून गाडी घेऊन आले होते. त्यांचे स्वतःचे ट्रक आहेत, इंजिनाचं त्यांना कळतं, आणि आपल्याला कळतं हे त्यांना फारच कळतं.

"बिग ब्लॉक," ते म्हणाले. "पुरात फुल पॉवर पाहिजे. एका फेरीत दहा माणसं उचलायची. विषय संपला."

"भाऊ, वजन सगळं मागे येतं," मी म्हटलं. "बोट मागून खाली बसणार. पाणी ओढायचं तोंड तळाला, मागेच आहे. आपली नदी खडीची. पाण्याबरोबर गोटे आत जातील आणि पंप खाऊन टाकतील."

"माझे ट्रक घाट चढतात गो. ताकद असली की वजनाचं काय नाय."

"ट्रकच्या खाली रस्ता असतो, भाऊ."

कोणीतरी हसलं, आणि तिथेच माझं काम बिघडलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. भरल्या सभेत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं, बाईने तर नाहीच.

कोपऱ्यात एक काका बसले होते. पूल व्हायच्या आधी ते नदीवर होडी चालवत. त्यांनी विचारलं, "उभी असली की किती पाणी लागंल तिला?"

"लहान इंजिनावर गुडघ्याच्या खाली. मोठ्यावर गुडघ्याच्या वर."

"ओढ्याच्या तोंडाला खडीचा उंचवटा हाय. तिथं पुरातसुदा पाणी कमीच."  मत द्यायची वेळ आली तेव्हा हात मात्र त्यांनीही मोठ्यासाठीच वर केला. त्यांचा मुलगा अध्यक्षांच्या ट्रकवर होता.

अध्यक्षांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. बोट खोल पाण्यातली असती, माणसांनी भरून चालवायची असती, तर मीही बिग ब्लॉकच मागितलं असतं. पण आमची नदी मी लहानपणापासून पायांनी मोजलेली आहे. आणि इंजिन तपासून आणायला मलाच पाठवायचं ठरलं, कारण दुसऱ्या कोणाला ते तपासता येत नव्हतं.

वीर स्टेशनवर रेल्वेत बसले तेव्हा मनात काही पक्कं नव्हतं. गोदामात गेले, दोन्ही इंजिनांचे प्लग काढले, सिलिंडरांचा दाब मोजला, तेलात बोट घालून बघितलं. बिग ब्लॉक जास्त चांगल्या स्थितीत निघालं. जवळजवळ नवंच. स्मॉल ब्लॉकच्या एका सिलिंडरचा दाब थोडा कमी होता, पण ते रिंगा बदलून सुधारण्यासारखं होतं.

मी बराच वेळ दोघांच्या मध्ये उभी राहिले. गोदामवाल्यांना माझी अडचण समजली. ते म्हणाले, "ताई, गावात सांगा मोठ्याच्या हेडला तडा होता. कोण बघायला येतंय?"

सोपं होतं. एकोणीस वर्षांत मी अशी थापेबाजी पुष्कळ पाहिली होती. पण खोटं सांगितलं असतं तर मी अध्यक्षांना घाबरले असं झालं असतं. आणि चांगल्या इंजिनाला नाव ठेवायला जीभ वळेना.

"नको," मी म्हटलं. "लहान चढवा. मोठं उत्तम आहे असंच मी सांगणार."

वाटेतच अध्यक्षांचा फोन आला.

"चढवलं?"

"चढवलं. स्मॉल ब्लॉक."

"मोठ्यात बिघाड हाय काय?"

"नाही भाऊ. मोठं एकदम चांगलं आहे. आपल्या बोटीला चालणार नाही."

पुढचं मी लिहीत नाही. टेम्पोचा ड्रायव्हर माझ्याकडे बघून घ्यायचा आणि मग रस्त्याकडे, इतकं त्याला ऐकू येत होतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तू कोण ठरवणारी?"

"चालवणारी," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. 

मंडळाने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. इंजिन बसवायला माझा भाऊ, वहिनी आणि होडीवाले काका एवढेच आले. आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधून आम्ही ते बोटीत उतरवलं. त्यात माझी कंबर धरली. काका म्हणाले, "सवला जाऊन ये, ऊन पाण्याच्या कुंडात कंबर शेकून घे." तीन दिवस सवच्या गरम पाण्यात बसून आले आणि पुन्हा कामाला लागले.

पावसाळा संपल्यावर बोट नदीत सोडली तेव्हा मात्र सगळं गाव काठावर आलं. अध्यक्षही आले. मी आणि माझा भाऊ असे दोघे बसून ओढ्याच्या खडीवरून गेलो आणि आलो. तळाला गोटा लागला नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "आता माणसं भरा." आठ जण बसले. इंजिन ओरडायला लागलं, पण बोट काही पाण्यावर उचलेना. नुसती पाणी कापत, जड म्हशीसारखी सरकत राहिली.

"बघा," अध्यक्ष काठावरून म्हणाले. "म्हटलं होतं."

खरंच म्हटलं होतं. मी एकेकाला उतरवत गेले. सहा माणसांवर बोट उचलली गेली. त्याच दिवशी मी बोटीच्या आतल्या बाजूला लाल रंगाने लिहिलं: चालवणाऱ्यासह सहा.

"पुरात सहाच नेणार? बाकीच्यांनी काय करायचं?" एकाने विचारलं.

"दुसऱ्या फेरीची वाट बघायची. मी परत येते."

पुढच्या पावसाळ्यात पूर आला तो तेवढा मोठा नव्हता, पण खालची वाडी सकाळी पुन्हा तुटली. चौदा माणसं शाळेच्या ओट्यावर जमली होती. पहिल्या फेरीला मी म्हातारी माणसं घेतली. त्यांत अध्यक्षांची आईही होती. पाच जण बसले आणि अध्यक्षांचा धाकटा भाऊ बोटीत उतरला.

"सहा झाले. तू सातवा," मी म्हटलं.

"मी तिचा मुलगा हाय. एकटी नाय पाठवणार."

"उतर."

"गो, एका माणसानं काय फरक पडतोय?"

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली. बोट दोराने ओट्याच्या खांबाला बांधलेली होती. पाणी तिला खेचत होतं आणि दोर करकरत होता.  त्याने दादाचं नाव घेतलं, मला काय काय म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या आईला सुखरूप न्यायचीय म्हणून सांगते. खडीवर ही बोट बसली तर आपण सगळेच जाऊ. उतर, नाहीतर संध्याकाळपर्यंत मी अशीच बसते."

शेवटी त्याची आईच म्हणाली, "उतर रे बाबा."

तो उतरला. ओढ्याच्या तोंडाशी मी वेग कमी केला नाही. तिथे वेग सोडला की जेट बोट खाली बसते आणि वळतही नाही. खालून खडीचा खरखराट ऐकू आला, अगदी तळाला चाटून गेल्यासारखा, आणि आम्ही पलीकडे होतो. दुसऱ्या फेरीत पाच. तिसऱ्या फेरीत चार, त्यात अध्यक्षांचा तो भाऊ. मधेच पंपाच्या तोंडात गोणपाट ओढलं गेलं. इंजिन बंद करून, झाकण उघडून मी खांद्यापर्यंत हात घातला आणि ते तुकड्यातुकड्याने बाहेर काढलं. तेवढ्या वेळात बोट वाहून जाऊ नये म्हणून बांबू लावून तिला झाडाशी दाबून धरलं ते त्यानेच. 

चौदाही माणसं कोरड्या जागी आली.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. आभार नाहीत, माफी नाही. म्हणाले, "आई बरी हाय." आणि वर, "ते मोठं इंजिन अजून तिथंच हाय. पुढल्या वर्षी बसवू. दहा माणसं जातील."

"बसवा, भाऊ. चालवायला मात्र दुसरं माणूस बघा."

त्यांनी फोन ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, पंपाच्या तोंडाला नवी जाळी लागेल काय, ती मुंबईहून पाठवतो. मी मापं सांगितली.

सध्या मी वहिनीला बोट चालवायला शिकवते आहे. कौलांवर बसून वाट बघायचा तिला कंटाळा आलाय, असं ती म्हणते. खडीजवळ आली की घाबरून तिचा वेगाच्या दांडीवरचा हात मागे येतो. मी तिच्या हातावर हात ठेवत नाही. नुसती ओरडते, "वेग सोडू नको!" परवा पहिल्यांदाच तिने सोडला नाही. पलीकडे गेल्यावर तिने मला शिवी दिली आणि बोट परत फिरवून पुन्हा खडीवर घातली.