हात वर केलेल्या बाईचा आम्ही लावलेला अर्थ

यंदा, १९८१च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या वारली बाईवर अन्याय झाला. तो ठेकेदाराने केला नाही, जंगलातल्या गार्डानेही नाही. आम्ही केला.

ही बाई चौक लिहिणारी. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने मोठा चौकोन काढतात, तो चौक. आजूबाजूला लग्न निघालं की हिला बोलावणं यायचंच. हंगामात ती पंचवटीपलीकडच्या मळ्यांत मजुरीला येई, तिथे आमची ओळख. आमच्या मजूर समितीच्या सभेसाठी पाड्यावर गेलो, तेव्हा तिच्या शेजारच्या घरात तिने नुकताच लिहिलेला चौक पाहिला. नवी सून तिथेच चूल फुंकत होती.

चारी बाजूंनी बारीक नक्षीची पट्टी. मध्ये दोन त्रिकोणांची बाई, हात वर. एका अंगाला दातेरी काहीतरी, दुसऱ्या अंगाला शिडी. मी वहीत उतरवून घेतलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय? पट्टी म्हणजे गज, दातेरी म्हणजे काटेरी कुंपण, शिडी पळून जायला. नाशकात येऊन समितीच्या पत्रकासाठी स्टेन्सिलवर चित्र गिरवलं आणि खाली लिहिलं, ‘या घरात कोंडलेली बाई टाहो फोडते आहे.’ समितीत सगळ्यांनी वाहवा केली. पेठच्या स्टँडवरही पत्रक वाटलं.

ते त्याच घरी पोचलं. नवरदेव सातवीपर्यंत शिकलेला, त्याने मोठ्याने वाचलं. सासू थेट या बाईच्या दारात गेली, “आमच्या घराचा तुरुंग केलास व्हय?”

आठवड्याने पंचवटीच्या भाजीबाजारात बाईने मला गाठलं. पत्रक पुढे धरलं, दातेरी आकृतीवर बोट ठेवलं.

“दादा, हे काय हाय?”

“कुंपण.”

“फणी हाय ती, नवरीची. तुमच्या बाया केस विंचरत नाय का?”

शेजारची मेथीवाली फिसकन हसली.

“आन ही मधली?”

मी पत्रकावरची माझीच ओळ पुन्हा वाचली.

“देवी हाय. पालघट. तिच्याबिगर लगीन लागत नाय. हात वर केलं म्हंजी रडती व्हय? तू सभेत हात वर करतोस, तवा रडतोस का?”

“त्यांना सांगितलंस का, मावशी, ती ओळ तुझी नाही म्हणून?”

“सांगितलं. म्हणत्यात, चौक तुझाच ना?”

त्यानंतर पाड्यावर दोन लग्नं झाली. चौक लिहायला दुसऱ्या पाड्यावरची बाई आणली. “मजुरी कुठंबी मिळंल,” मावशी मला म्हणाली, “हे नाय मिळायचं.”

त्या चित्रात दुःख नव्हतंच, असंही मी आता सांगत सुटणार नाही. मला ते कळत नाही. कळतं एवढंच की भिंतीकडे बघायच्या आधीच मी अर्थ ठरवून गेलो होतो.

समितीत खुलाशाचं पत्रक काढू म्हटलं, तर उत्तर आलं, “एका फणीपायी चळवळीचं हसं करून घ्यायचं का?” हसं आधीच झालं आहे. भोगते ती मावशी.

तेव्हा ज्यांनी ते पत्रक वाटलं, ज्यांनी वाचून मान डोलावली, त्या सगळ्यांना सांगतो. येत्या रविवारी सकाळच्या पेठ गाडीने माझ्याबरोबर चला. त्या सासूसमोर उभे राहा आणि पाड्याला ऐकू जाईल असं सांगा, की ती ओळ आमची होती, तिची नव्हती.