पालिकेतलं झोपलेलं भात

तेव्हा मी तंजावरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. बियाण्याची सुप्तावस्था हा माझा लाडका धडा. ताज्या बियातलं अ‍ॅब्सिसिक आम्ल त्याला झोपवून ठेवतं. काही आठवड्यांनी ते ओसरतं, जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि बी उठतं. हे मी दरवर्षी फळ्यावर ऐटीत लिहायची. अक्काच्या लग्नात मात्र हीच अक्कल गहाण टाकली.

आमच्या तंजावरी मराठी घरांतही तमिळांसारखी पालिका असते. लग्नाआधी सवाष्णी पाच मातीच्या कुंड्यांत धान्य पेरतात. कोंब आले की शुभ. न आले तर मुलाकडच्यांची तोंडं वाकडी होतात. आमच्याकडे पेरायचं ते भातच, तेही स्वतःच्या शेतातलं. ऐप्पसी, म्हणजे आश्विन-कार्तिकाचा महिना होता, कुरुवै भाताचं पीक नुकतंच कापलं होतं. मीच मोपेडवरून पापनाशमला आमच्या शेतावर जाऊन पिशवी आणली आणि "एकदम ताजं आहे!" म्हणून अम्माच्या हातात ठेवली.

नऊ दिवस आधी पेरलं. चौथ्या दिवशीही कुंड्यांत नुसती मातीच. आमच्या आत्याने बी भिजवलेल्या दुधाला दोष दिला. अप्पांनी कुंड्यांची तोंडं पूर्वेला फिरवली. गोल कुंडीचं तोंड कुठलं, हे विचारायची सोय नव्हती. मग दोघी मावश्या आळीपाळीने भाताला गाणी म्हणू लागल्या.

अक्काची दोन लग्नं ठरून मोडली होती, आणि हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. ती जेवण टाकून कुंड्यांपाशी बसली होती. मला म्हणाली, "हे मोडलं तर मी परत कोणापुढं बसणार नाही. ऐसं समजून ठेव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ताजं भात झोपलेलंच होतं, आणि स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. प्रयोगशाळेतून जिबरेलिक आम्लाची बाटली पदराआड आणली. घाबरलेल्या माणसाच्या हाताला माप नसतं. पाचही कुंड्यांत सढळ हाताने ओतलं.

भात उठलं, आणि थांबेचना! लग्नाच्या सकाळी वीतभर लांब, पांढुरके, मरतुकडे कोंब कुंड्यांबाहेर लोळत होते. अम्माने ते जाईच्या गजऱ्याच्या दोऱ्याने बांधून कसेबसे उभे केले.

नवऱ्या मुलाची आत्या वाकून बघू लागली. "हे कैसं गवत?"

नवरा मुलगा नव्याने निघालेल्या एका खाजगी बियाणे कंपनीचा विक्रेता होता. तोही वाकला. एक कोंब त्याने चिमटीत धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आत्ये, नव्या जातीचं भात आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "ऐसंच वाढतं. फार शुभ."

आत्या खूश होऊन पुढे गेली. तो हळूच मला म्हणाला, "मॅडम, जिबरेलिनची मात्रा दसपट झाली."

अक्काने ते ऐकलं. आधी तिने तोंडावर पदर धरला, मग तो सुटला आणि ती भर मंडपात खदखदून हसली. तोही हसला. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला रडूच कोसळलं, आणि आमची आत्या म्हणाली, "होमाचा धूर लागतोय, पोरी, बाजूला सर." होम अजून पेटायचा होता.