सईला पाठवण्याआधीचा रविवार

लहान मूल आणि वयस्कर माणूस घेऊन ऑकलंडहून उत्तरेला एका दिवसात जाऊन येता येईल का, असं गेल्या आठवड्यात इथे ग्रुपवर एकीने विचारलं. येतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही गेलो होतो आणि परत येईपर्यंत माझं कंबरडं मोडलं होतं. ज्या ठिकाणी गेलो ते बंदरातलं मासेमारीचं पार्क केव्हाच बंद झालं, तेव्हा नाव सांगून उपयोग नाही. रस्ता मात्र तोच आहे. म्हणून लिहिते आहे, आणि अर्थात फक्त म्हणून नाही.

जायचं ठरवलं माईंनी. माई म्हणजे माझ्या सासूबाई. रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि गुरुवारी परत निघणार होत्या. शुक्रवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "सहा महिने राहून मी पाहिलं काय? अवोन्डेलचा बाजार आणि तुमचं वॉशिंग मशीन." त्यांना फिरवायला सवड होती कोणाला? माझा नवरा विनय हॉस्पिटलात फार्मासिस्ट. मी पुण्याहून डॉक्टर होऊन आलेली, पण इथे नोंदणीच्या परीक्षेत दोनदा आपटलेली, आणि तोवर एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालणारी. सकाळी सहाला ड्यूटी, दुपारी घर, संध्याकाळी पुस्तकं. वाचताना ओळीच्या मध्यावर डोळा लागायचा आणि सहा वर्षांची सई येऊन पापणी उघडून बघायची, मी आत आहे का म्हणून.

तर गुरुवारी माईंबरोबर सईही जाणार होती. एका वर्षासाठी. तेव्हा आमच्यात हे सर्रास चालायचं. ओळखीच्या दोन घरांतली मुलं सांगलीला आणि नागपूरला आजीकडे होती, आईबाप इथे परीक्षा देत होते. आमचंही तिकीट तीन आठवड्यांपूर्वी काढून झालं होतं, रत्नागिरीच्या शाळेत धाकट्या दिरांनी प्रवेश घेऊन ठेवला होता. सईला बुधवारी संध्याकाळी सांगायचं ठरलं होतं, चॉकलेट देऊन. आधी सांगून उगाच रडारड नको, हा विचार माझाच.

आता रस्ता. आमच्या अवोन्डेलहून, म्हणजे पश्चिम ऑकलंडातून, निघत असाल तर हार्बर ब्रिजच्या नादी लागू नका. सोळा नंबरचा हायवे धरा. हेन्डरसन मागे पडलं की द्राक्षमळे लागतात, मग कुमेऊ, हेलेन्सविल करत तो वेल्सफर्डला एक नंबरच्या हायवेला मिळतो. दीड तास धरा. वळणं पोट ढवळणारी आहेत, तेव्हा मुलांना भरपेट नाश्ता देऊन निघू नका. आम्ही पोहे देऊन निघालो. हेलेन्सविलच्या पुढे सईने पोहे परत केले. माईंनी तिच्या तोंडात आलेपाकाची वडी घातली, विनयने गवतावर मॅट धुतलं आणि मी गाडीला टेकून उभ्या उभ्या डुलकी काढली.

पुन्हा निघाल्यावर तयारीचं बोलणं सुरू झालं. माई मागे सईशेजारी, आम्ही दोघं पुढे.

"तिचे ते पोहायचे कपडे नको हो भरू," माई म्हणाल्या. "तिकडे कुठे पोहणार आहे ती?"

"आणि लोकरीचे मोजेही नकोत," मी म्हटलं. "उगाच वजन."

"शाळेच्या गणवेशाचं काय?" विनयने विचारलं.

"मी माप कळवलंय. शिवूनसुद्धा झाला असेल," माई म्हणाल्या. "तू आता फक्त अभ्यासाला लाग गो."

"जाऊ दे एकदाची," मी म्हटलं आणि सुस्कारा सोडला. "ती गेली की मला निदान झोप तरी मिळेल."

हे सगळं सईच्या देखत. ती खिडकीला नाक लावून इंग्रजीत गाई मोजत होती. "जेवायला ये" आणि "बूट घाल" याच्यापलीकडचं मराठी तिच्या डोक्यावरून जातं, अशी आमची खात्री होती. ही खात्री इथल्या आपल्या बहुतेक घरांत सापडेल. मुलं उत्तर इंग्रजीत देतात, म्हणजे मराठी कानात शिरतच नसणार. त्यामुळे कोणाचं आजारपण, कोणाची नोकरी गेली, शेजारणीचा नवरा कसा आहे, सगळं मुलांसमोर मराठीत बिनधास्त.

वेल्सफर्डला थांबा. स्वच्छतागृह चांगलं आहे आणि पुढे बराच वेळ मिळत नाही. आम्ही दोन डॉलरचे चिप्स घेतले, तेवढ्यात चौघांचं भागलं. पुढे कायवाका आणि मग ब्रिंडरविनचा घाट. विनयने मोठ्या तोंडाने माईंना सांगून ठेवलं होतं की आता घाट येणार. माथ्यावर पोचल्यावर माई म्हणाल्या, "हा? हे आमच्या आंबा घाटाचं पिल्लू." पण खाली समुद्र आणि बेटं दिसली तेव्हा काच खाली करून बाहेर वाकल्या. विनयने गाडी कडेला घेतली. तुम्हीही घ्या. मी उतरले नाही, सीट मागे करून पाच मिनिटं डोळे मिटले.

अकराच्या सुमारास पोचलो. बंदराच्या एका कोपऱ्यात लाकडी फळ्यांचा धक्का, त्याच्या आतलं पाणी जाळीने अडवलेलं, आणि कडेला दोन जुनी जहाजं कायमची बांधून ठेवलेली. एक वाफेवरची टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी ठेंगणी बोट, आणि एक तीन डोलकाठ्यांचं गलबत. कुटुंबाचं तिकीट बारा डॉलर, गळ भाड्याने पाच. खिडकीत एक भरभक्कम माओरी बाई होत्या. "किआ ओरा, माय डार्लिंग्ज," म्हणाल्या आणि माईंना बसायला स्वतःची खुर्ची बाहेर आणून दिली.

गळाने मासे धरणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं माईंचं स्पष्ट मत. खुर्चीत बसून त्या पदराने वारा घेत होत्या. पण सईचा गळ हलला आणि वीतभर चंदेरी मासा वर आला तशा उठून उभ्या राहिल्या. त्या बाई सुरी घेऊन आल्या. "स्प्रॅट! ग्रेट बेट!" म्हणाल्या. याचे तुकडे करून मोठ्या माशासाठी आमिष लावायचं, अशी इथली रीत. त्यांनी सुरी टेकवायच्या आत माईंनी त्यांचं मनगट धरलं.

"अगो, करत्येस काय! बोय आहे तो! खायचा मासा!"

मी भाषांतर केलं. बाईंना हसू आवरेना. इथे हे कोणी खात नाही म्हणाल्या, मांजरीला घालतात. माईंनी कपाळावर हात मारला. पुढचा तासभर त्या सईच्या मागे उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. "सैल सोड. आता ओढ. ओढ गो!" आणि सई सोडत होती, ओढत होती. मराठी हुकुमांवर तिचं एकही पाऊल चुकत नव्हतं, हे मला दिसत होतं आणि तरी कळत नव्हतं. दमलेल्या माणसाचं असंच होतं. शेवटी त्या बाईंनी इतरांनी धरलेले बोयही एका बादलीत भरून माईंना फुकट दिले. "सम पीपल हॅव टेस्ट," त्या म्हणाल्या. माईंनी शब्द न कळता मान डोलावली.

जेवण घरचंच नेलं होतं, पोळ्या आणि बटाट्याची भाजी. मग विनय आणि माई बादलीपाशी सावलीत बसले आणि मी सईला घेऊन गलबतावर गेले. पायऱ्या उभ्या होत्या, गुडघेदुखीवाल्यांच्या कामाच्या नव्हत्या. आत केन नावाचे एक निवृत्त आजोबा माहिती सांगायला होते, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे आणि शॉर्ट्स. त्यांनी खालच्या मजल्यावर नेलं. तिथे फळ्यांचे अरुंद कप्पे. अशा जहाजांतून विलायतेची बिऱ्हाडं तीन-साडेतीन महिने प्रवास करून इथे यायची. एका फळीवर चार-चार माणसं. मला ती फळी बघून फक्त आडवं व्हावंसं वाटलं.

एक छोटी लाकडी पेटी उघडून केननी सईला विचारलं, "लहान मुलांना एवढीच पेटी मिळायची. तुला लांबच्या प्रवासाला जायचं असतं, तर तू काय भरलं असतंस?" सगळ्याच मुलांना ते विचारत असणार.

सई विचारात पडली नाही. बोटांवर मोजत तिने इंग्रजीत सांगून टाकलं, "रबरी जँडल्स. माझी उशी. लायब्ररीचं पुस्तक नाही, ते परत द्यायचंय. टॉग्ज नाहीत, तिकडे स्विमिंग नाहीये. लोकरीचे मोजे पण नाहीत, दे आर टू हेवी."

"स्वीट ॲज," म्हणजे छानच, असं म्हणत केन हसले. "आणि मम येणार का बरोबर?"

"नो," सई म्हणाली. "शी नीड्स हर स्लीप."

केन आणखी हसले. मी तिला हाताला धरून वर आणलं. डेकवर वारा भणाणत होता. दोरांच्या गुंडाळीवर बसले, तिला समोर उभं केलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"यू डिड. इन द कार. अँड इन द किचन, हीप्स ऑफ टाइम्स."

"तुला मराठी कळतं? सगळं?"

माझी कीव आल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, अख्खं मराठी वाक्य बोलली. "ती गेली की मला निदान झोप तरी मिळेल." सुस्काऱ्यासकट. माझाच सूर, माझंच मान टाकणं. चिडून नाही, तक्रार म्हणूनही नाही. पाठ झालेलं म्हणून दाखवलं.

पहिल्यांदा मला राग आला. तिचाच. इतके दिवस कळत होतं तर बोलली का नाही कार्टी! मग लाज वाटली, अशी की तोंड कुठे लपवू. ते वाक्य खोटं होतं असंही म्हणता येईना. मला झोप हवी होती. ती गेल्यावर मिळेल असं वाटत होतं, आणि त्या वाटण्यात थोडा आनंदही होता. तीन आठवडे हे माझ्या पोरीला माहीत होतं आणि ती निमूटपणे काय न्यायचं, काय ठेवायचं ते ठरवत होती.

खाली येऊन मी विनयला टगच्या आडोशाला नेलं आणि सांगितलं.

"तिकीट काढलंय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुझी परीक्षा?"

"माहीत आहे रे!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारी गळ टाकून बसलेले लोक वळून बघायला लागले.

माई बादली घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पोरीला आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं होतं."

"तुम्ही नव्हतं म्हटलं, माई."

"मनात म्हटलं होतं," त्या म्हणाल्या आणि सईला घेऊन गाडीकडे चालू लागल्या.

चारला निघालो. परतीला मी मागे बसले, माई पुढे. पुढच्या सीटवर कोणी काही बोलेना. कोणत्या भाषेत बोलणार? मला सईशी बोलायचं होतं, मनात वाक्यं जुळवत होते. ब्रिंडरविन चढेपर्यंत मी गाढ झोपले. डोळे उघडले तेव्हा अवोन्डेलचा सिग्नल होता, माझं डोकं सईच्या मांडीवर होतं आणि तोंडाला बादलीचा वास.

घरी माईंनी बोय तळले. सई काटे काढून नीट खात होती. मी विचारलं, "जायचंय तुला रत्नागिरीला?"

"आय डोन्ट माइंड," ती म्हणाली. इथल्या मुलांच्या या उत्तराचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

"मी दमलेय ती कामाने आणि अभ्यासाने," मी म्हटलं. "तुझ्याने नाही. तू जाणार नाहीस." यातलं मधलं वाक्य पूर्ण खरं नव्हतं. तिने मान हलवली आणि शेवटचा मासा घेऊ का म्हणून विचारलं.

गुरुवारी माई एकट्या गेल्या. रागावून गेल्या, गणवेश शिवून तयार होता. त्या वर्षीच्या परीक्षेत मी पुन्हा नापास झाले. पास व्हायला आणखी दोन वर्षं लागली आणि ती कशी गेली ते विनयला विचारा. सईला ठेवून घेतलं म्हणून मी मोठी त्यागी आई, असं कोणी समजू नये. त्या दोन वर्षांत मी तिच्यावर जेवढी खेकसले तेवढी कोणावरच नाही. पाठवलं असतं तर बरं झालं असतं का? कधीकधी वाटतं, झालं असतं.

आता सईला तान्हं बाळ आहे आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. मागच्या उन्हाळ्यात त्याला जोजवत बसली होती तेव्हा धीर करून विचारलं, तो दिवस आठवतो का. गलबत? नाही म्हणाली. केन? नाही. गाडीतलं माझं वाक्य? कुठलं वाक्य, तिनेच विचारलं. मी सांगितलं नाही.

"मग काय आठवतं?"

"तू माझ्या मांडीवर झोपली होतीस ते," सई म्हणाली. "वेल्सफर्डला बाबा विचारत होते, कोणाला टॉयलेटला जायचंय का. आय वॉज बस्टिंग, आई, अगदी घाईची लागली होती. पण मी नाही म्हटलं. गाडी थांबली असती तर तू उठली असतीस."