किडलेल्या दातांतली घट

"आ कर," मी म्हणाले. आटपाडी तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात, उजेडाकडे तोंड करून, अकरा वर्षांची सारिका स्टुलावर बसली होती. तिची खालची दाढ किडली होती; पण कीड अजून आतल्या नसेपर्यंत पोहोचली नव्हती. फिलिंग केले असते तर दाढ वाचली असती. माझ्याजवळ मात्र फक्त आरसा आणि दात टोकरून पाहायची सळई, म्हणजे प्रोब, एवढेच होते. हा सर्व्हे होता. उपचार नंतरच्या कॅम्पमध्ये व्हायचे.

ही दाढ सहाव्या वर्षी येते, म्हणून घरच्यांना ती दुधाची वाटते. ती गेली की पुन्हा येत नाही.

सारिकाची आई त्याच शाळेत खिचडी शिजवायची. हात पुसत ती जवळ आली.

"आवं मॅडम, काढायची न्हाई न्हवं? हिच्या थोरलीची गेल्या साली कॅम्पात काढली."

"ती एकाच अंगानं चावती," सारिका म्हणाली. "आमी तिला शेळी म्हंतो."

"तू गप गं. मॅडम, हिची ठेवा. किडा तेवढा काढा."

"प्रयत्न करते," मी म्हणाले. चाळिशीनंतर सरकारी दंतवैद्याच्या या नोकरीत नव्याने आलेल्या मला याहून मोठे आश्वासन देण्याचे धाडस नव्हते.

सर्व्हे संपल्यावर सांगलीला जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब प्रसन्न होते. "मागच्या सर्व्हेपेक्षा किडलेले दात कमी. कॅम्प यशस्वी."

आम्ही प्रत्येक दाताची नोंद करतो: किडलेला, भरलेला किंवा काढलेला. मी म्हणाले, "सर, भरलेले वाढलेले नाहीत. काढलेले वाढले आहेत."

"मोठ्याने बोला, मॅडम."

मी पुन्हा सांगितले.

"काढला म्हणजे कीड गेलीच ना?"

"दातही गेला, सर. यंदा फिलिंगचं साहित्य मागवू या."

"एकेका फिलिंगला वेळ किती लागतो? चाललंय ते चांगलं चाललंय. साताऱ्याचे लोकही माण तालुक्यात आपल्यासारखेच कॅम्प घेणार आहेत."

दिवाळीनंतर कॅम्प लागला. भुलीची इंजेक्शने आली आणि दात काढायचे फोर्सेप्स आले. तोवर सारिकाचा गाल सुजला होता. कीड नसेच्याही खाली उतरली होती. आमच्याजवळ होते त्यात दाढ काढण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

आईने मला माझ्या आश्वासनाची आठवण करून दिली नाही. "डोकं धरू का?" एवढेच विचारले.

"धरा," मी म्हणाले.

पुढच्या सर्व्हेत सारिकाच्या तोंडात एकही किडलेला दात आढळला नाही. तशी नोंद मीच केली. किडलेले दात कमी झाल्याचे कोणी सांगितले, तर ते गेले कुठे, एवढे तरी विचारावे.