सगळ्यात वरची सही

खोपोलीत आमच्या आळीत दशरथची पिठाची गिरणी आहे, छत्तीस वर्षं झाली. दशरथला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, डबे राहतात. ‘वाकडी कडी’ म्हणजे मी. शाळेत तीस वर्षं सुचेताबाई म्हणून मिरवले आणि गिरणीत वाकडी कडी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चांगली चिडले होते. पण माझा डबा कधी चुकला नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी तर तो सगळी गिरणी झाडून-पुसून आधी उपासाचं दळायचा, मग बाकीचं.

हळूहळू डबेच कमी झाले. शेजारचे पुण्याला मुलाकडे गेले, समोरचे ठाण्याला. दोन बंगले पाडून तिथे सात मजली इमारत झाली, आणि तिथली मंडळी तयार पिठाची पिशवी मागवतात. गिरणी बसलीच असती. पण मागच्या चाळीतल्या खोल्यांमध्ये कारखान्यात काम करणारी बिहार-ओडिशाकडची कुटुंबं भाड्याने आली. पहिली पाळी सुटली की तीन वाजता बायका गहू घेऊन यायच्या. त्यांच्यासाठी दशरथने दुपारची झोप सोडली. त्यांच्याकडे डबे कुठले? सगळ्यांच्या पिशव्या सारख्या, म्हणून हा आपला प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांच्याशी गप्पाही मारायचा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, पण तोंडावर कधी बोलले नाही.

गेल्या महिन्यात नव्या इमारतीतली आसावरी एक अर्ज घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, इथला आवाज बंद व्हायला हवा की नको?” मला वाटलं, शनिवारी फार्महाऊसवर ढणाढणा वाजतो तो मेला डीजे! त्याने माझं डोकं उठवलं होतं. जन्मभर पोरांना “आधी वाचा, मग लिहा” म्हणून कानीकपाळी ओरडले आणि स्वतः चष्मा न लावता सही ठोकली. जुन्या रहिवासी म्हणून मान दिला तिने, सगळ्यात वर.

पंधरा दिवसांनी दशरथ दारात उभा. चेहरा पार उतरलेला.

“बाई, गिरणी बंद करा म्हनून नोटीस आलीया. कुनी जुन्या शेजाऱ्यानं सायबाला सांगितलं तर ऱ्हाईल. तुमी येता का संगती?”

“येते म्हणजे काय! कोण तुझ्या वाइटावर उठलंय बघतेच.”

पदर खोचून निघाले. पालिकेत त्या साहेबाला मी चांगलं फैलावर घेतलं. गरिबाच्या पोटावर पाय देता, लाज वाटत नाही का, सगळं बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज माझ्यासमोर सरकवला.

“पहिली सही तुमचीच ना, बाई?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डीजेचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं. साहेब हसला. दशरथ मात्र त्या सहीकडेच बघत होता.

“सायेब, गिरणी ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “दुपारची बंद ठेवतो. बाईंना तरास व्हतो, मला कदी कळलंच नाय.”

“अरे, मला कसला त्रास!” मी ओरडले. पण तोवर साहेबाने तसं लिहून शिक्का मारलासुद्धा.

आता तीन वाजता त्या बायका बंद दारापाशी येतात आणि पिशव्या घेऊन परत जातात. निम्म्या जणी बाजारातलं पीठ आणायला लागल्या. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही दुपारचा. परवा शेवटी उठले आणि गेले त्याच्याकडे.

“दशरथ, चालू कर बाबा गिरणी. मी नवा अर्ज लिहून देते. पाया पडते तुझ्या.”

त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं.

“नगं बाई, तुमी निवांत झोपा दुपारच्या,” तो अगदी मायेनं म्हणाला. “तोंडावर नाय सांगवत मानसाला. समजतं मला.”