गोणपाटावरचे शंभर दाणे

मे महिन्यातल्या दुपारी अनसिंग गावातल्या आमच्या घरात ओल्या गोणपाटाचा वास भरून असतो. आज लिहितानाही तो येतो, आणि एका वर्षीचा तो आठवडा पाण्याखाली ठेवल्यासारखा हलत हलत दिसू लागतो.

घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे गोणपाटावर मांडायचे. दहा ओळी, ओळीत दहा. वर दुसरं ओलं गोणपाट, मग गुंडाळी. सातव्या दिवशी सत्तरच्या वर कोंब निघाले तर घरचंच बियाणं पेरायचं, नाहीतर विकतचं आणायचं. मोजणी वडिलांची, वहीत लिहिणं माझं. त्या वर्षी वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून माझी एकोणीस वर्षांची मुलगी मोबाईलवर फोटो काढायची, बोटांनी मोठा करायची आणि वडील त्यात बघून मोजायचे.

त्या मे महिन्यात दाणे मांडत असतानाच एका वाहिनीचे दोघं गावात आले आणि चित्रण करून गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. ओणवे झालेले वडील, मागे मोबाईलकडे बघत उभी मुलगी, सोबत बासरीचे सूर. निवेदिका म्हणाली, जुनी पिढी मातीत राबते आहे, नवी पिढी मोबाईलमध्ये हरवली आहे. सगळं मिळून बावीस सेकंद.

मुलीने मोबाईल कपाटात ठेवून दिला.

सातव्या दिवशी गुंडाळी उघडली. वडील बोटांनी चाचपत गेले. चौसष्ट आले. पुन्हा मोजले तर एकोणसाठ, आणि दोन कोंब मोडले.

"मोबाईल कुठी हाय?" त्यांनी नातीला विचारलं.

"नाही आणत. सारं गाव म्हणून राह्यलं, आजा राबते अन् नात मोबाईलमधी."

"अन् मले बिचारा केलं, त्याचं? मी बिचारा दिसतो काय तुले?"

"बिचारा नाही. खडूस."

"मंग खडूस आज्याचं काम कर. आण."

तिने आणला, फोटो काढून मोठा केला. दोघांची डोकी फोटोवर झुकली. वर पंखा संथ फिरत होता, खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत होतं, आणि वडिलांचे ओठ एकेका पांढऱ्या कोंबावर हलत होते. ती दुपार किती लांबली, हे मात्र मला सांगता येणार नाही.

"त्र्याहत्तर," वडील म्हणाले.

"मोडलेले दोन धरून?"

"ते उगवले व्हते. मोडले मी."

मी वहीत त्र्याहत्तर लिहिले. खाली सवयीने 'मोजणी: वडील' लिहिलं आणि थांबलो. मागची पानं उलटली. मागची तीन वर्षंही फोटो तीच काढत होती, आणि तिन्ही पानांवर एकटे वडील होते. आजचं धरून चारही ठिकाणी पुढे 'व नात' लिहिलं.